स्पॅनिअल कुत्र्यांचे स्वभाव

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें निघून पिरंगुटच्या पुढें उरवड्याच्या बाजूस वळलें, कीं शहराचा गजबजाट मागें पडतो आणि मुळशी तालुक्यांतील भातखाचरें व गवताळ उतार दिसूं लागतात. दसरा उलटला म्हणजे हें हिरवें गवत पिवळें पडतें आणि वाटसरूच्या धोतराला व पायमोज्यांना कुसळें चिकटूं लागतात. शहरांतील कित्येक कुटुंबें आतां या बाजूस विसाव्यासाठीं येतात; कांहींनीं टुमदार घरेंहि बांधलीं आहेत. घरामागोमाग एखादा कुत्रा असावा ही इच्छा ओघानेंच येते. लांब, लोंबते, रेशमासारखे कान आणि पाहणाऱ्यास विरघळवून टाकणारे डोळे असलेल्या स्पॅनिअल पिल्लाचें चित्र एकदां दृष्टीस पडलें, कीं मुलें हट्ट धरतात आणि वडील मंडळी रुकार देतात. पिल्लू घरीं येतें. सहा महिने जातात न जातात तोंच तक्रारींना आरंभ होतो. कुत्रा गच्चीवर एकटा ठेवला कीं दिवसभर रडतो. फिरावयास नेला कीं नाक जमिनीला लावून भलतीकडे ओढतो. कानांना दुर्गंधी येते. परवां तर ताटलीजवळ गेलेल्या मुलावर गुरगुरला! वर्षअखेर त्याला कोणाच्या तरी गळ्यांत बांधण्याची भाषा निघते. अशा प्रसंगीं कुत्र्याचा अपराध बहुधा कांहींच नसतो. घरांत कोण येत आहे याची चौकशी घरच्यांनीं आधीं केलेली नसते, एवढेंच.

स्पॅनिअल ही एक जात नव्हे. तें एक मोठें घराणें आहे. त्यांत पांच-सहा किलोंचें मांडीवरचें कुत्रेंहि आहे आणि तीस किलोंचा संथ गजगतीचा गृहस्थहि आहे. आडनांव एक म्हणून भावाभावांचे स्वभाव एक असत नाहींत, हें आपल्या नित्य अनुभवाचें आहे. तथापि घराण्याचा म्हणून एक वळसा असतोच. तो समजण्यासाठीं या कुत्र्यांना मनुष्यानें कोणत्या कामासाठीं घडविलें तें पाहिलें पाहिजे.

स्पॅनिअल हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला व त्याचा मूळ अर्थ ‘स्पेन देशचा’ असा आहे. चौदाव्या शतकांतील युरोपीय ग्रंथांत या कुत्र्यांचे उल्लेख सांपडतात. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या काळांत जॉन केअस नांवाच्या वैद्यानें १५७० सालीं ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेंत एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत जमिनीवर काम करणारे व पाण्यांत काम करणारे असे स्पॅनिअलांचे भेद त्यानें नोंदले आहेत. तेव्हां बंदुकीनें उडता पक्षी टिपण्याची कला रुळली नव्हती. स्पॅनिअलानें झुडपांत शिरून लपलेला पक्षी उठवावयाचा आणि वर घिरट्या घालणाऱ्या बहिरी ससाण्यानें तो धरावयाचा, किंवा शिकाऱ्यानें जाळें टाकावयाचें, अशी रीत होती. पुढें ससाण्याच्या जागीं बंदूक आली; पण कुत्र्याचें काम तेंच राहिलें. पक्षी उठवावा, पण त्याच्यामागें धांवत सुटूं नये. पडलेला पक्षी तोंडांत हलकेच धरून आणावा, पण चावूं नये. आणि या सर्व वेळांत धन्यापासून फार दूर जाऊं नये.

या तीन नियमांत स्पॅनिअलाचा सारा स्वभाव साठलेला आहे. धन्याच्या टप्प्यांत राहावयाचें, म्हणून त्याचें अर्धें लक्ष सदैव माणसाकडे. एकटें राहणें त्याला असह्य वाटतें याचें मूळ येथें आहे. नाकानें शोधावयाचें, म्हणून फिरावयास निघाला कीं जमीन वाचीत चालणार. वस्तु तोंडांत धरून आणावयाची, म्हणून घरांतील जोडे, रुमाल, मुलांचीं खेळणीं यांची त्याला अनिवार ओढ. एकदां धरलेली वस्तु सोडावयास शिकविलें नाहीं, तर तीच ओढ पुढें मालकी हक्काचें रूप घेते.

आपल्याकडील कुत्र्यांशीं तुलना केली म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक या भागांत कारवान या नांवानें ओळखला जाणारा सडपातळ शिकारी कुत्रा आहे. मुधोळचा म्हणून जो प्रसिद्ध आहे आणि ज्याचें चित्र भारतीय टपालखात्यानें २००५ सालीं तिकिटावर छापलें, तो याच वळणाचा. तो डोळ्यानें सावज पाहतो आणि वाऱ्याच्या वेगानें त्याचा पाठलाग करतो. त्या क्षणीं धन्याच्या हुकुमाची वाट पाहण्यास त्याला सवड नसते. त्यामुळें तो स्वभावतः स्वतंत्र व मितभाषी. परक्यानें अंगावर हात टाकलेला त्याला खपत नाहीं. धनगराचा कुत्रा त्याहून निराळा. त्याला कळप राखावयाचा असतो, म्हणून प्रत्येक अनोळखी माणूस त्याच्या दृष्टीनें आधीं संशयित. स्पॅनिअलाला यांपैकीं कोणतेंच काम नव्हतें. म्हणून राखणीसाठीं स्पॅनिअल पाळणें म्हणजे कीर्तनकारास चौकीवर बसविण्यासारखें आहे. तो चोराचेंहि शेपूट हालवून स्वागत करील, असें गमतीनें म्हणतात, तें अगदींच खोटें नाहीं.

आतां या घराण्यांतील एकेका सभासदाची ओळख करून घेऊं. आपल्या शहरांत अधिक दिसतो तो कॉकर स्पॅनिअल. ‘वुडकॉक’ नांवाचा पक्षी उठविण्यांत तो तरबेज, म्हणून त्याचें हें नांव. मौजेची गोष्ट अशी, कीं एके काळीं कॉकर आणि स्प्रिंगर एकाच आईच्या एकाच वेतांत जन्मत असत. पंचवीस पौंडांच्या आंत राहिला तो कॉकर, त्याहून भरला तो स्प्रिंगर, असा निव्वळ तराजूचा न्याय होता. पुढें १८७३ सालीं स्थापन झालेल्या इंग्लंडच्या केनेल क्लबनें त्यांच्या वेगवेगळ्या नोंदी सुरू केल्या. इंग्लिश स्प्रिंगरला स्वतंत्र जातीचा मान १९०२ सालीं मिळाला.

कॉकर आनंदी, चपळ आणि अत्यंत खादाड असतो. त्याचें शेपूट क्षणभर स्थिर राहत नाहीं. परंतु तो मनानें हळवा आहे. दरडावणी आणि मार यांनीं तो सुधारत नाहीं. भित्रा बनतो, आणि भित्रा कुत्राच बहुधा चावरा होतो. शिवाय आजच्या कॉकरचे दोन वंश झाले आहेत. एक प्रदर्शनाचा: भरगच्च केंसांचा, लांब कानांचा, त्या मानानें शांत. दुसरा रानांत काम करणारा: आंखूड केंसांचा, हलक्या बांध्याचा, आणि दिवसभर पळूनहि न थकणारा. दुसऱ्या वंशाचें पिल्लू सदाशिव पेठेंतल्या दोन खोल्यांत आणून ठेवलें, तर त्याची शक्ति कोठें तरी बाहेर पडणारच. मग ती उशीच्या कापसावर पडो कीं दाराच्या चौकटीवर.

कॉकरच्या रागीटपणाविषयीं बरेंच बोललें जातें. केम्ब्रिज येथील पॉडबर्सेक व सर्पेल या संशोधकांनीं १९९६ सालीं इंग्लिश कॉकरच्या हजाराहून अधिक मालकांकडून मिळालेल्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सबंध एका रंगाचे कॉकर हे दुरंगी कॉकरांपेक्षां बहुतेक प्रसंगीं अधिक रागीट असल्याचें त्यांत आढळलें. यावरून रंगच स्वभाव घडवितो असें समजूं नये. एका रंगाच्या कुत्र्यांची जोडी बहुधा त्याच रंगाशीं लावतात. त्यामुळें रंगाबरोबर वंश वेगळा पडतो आणि वंशाबरोबर कांहीं स्वभावहि. मालकानें यांतून घ्यावयाचा धडा साधा आहे. पिल्लाच्या रंगापेक्षां त्याच्या आईबापांची वागणूक पाहावी.

स्प्रिंगर हा कॉकरचा थोरला भाऊ, वजनानें वीस-बावीस किलोंचा. त्याला काम पाहिजे, पाणी पाहिजे, आणि रोज दीड-दोन तासांची मोकळी दौड पाहिजे. हें मिळालें तर त्याच्यासारखा समजूतदार सोबती विरळा. शोधक नाकामुळें जगांतील पुष्कळ देशांत स्फोटकें व मादक द्रव्यें हुडकण्यासाठीं स्प्रिंगर आणि कॉकर वापरले जातात. भारतांतील सुरक्षादलांतहि कॉकर दाखल झालेले आहेत. गर्दींतील माणसें त्यांना भीत नाहींत, हा आणखी एक फायदा. या नाकाचा उपयोग वैद्यकांतहि करून पाहण्यांत आला. २००४ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांचें मूत्र वासावरून ओळखण्याचें शिक्षण सहा कुत्र्यांना देण्यांत आलें होतें. त्यांत कॉकर स्पॅनिअल होते. केवळ योगायोगानें शंभरांत चौदा वेळां बरोबर उत्तर यावें, तेथें कुत्र्यांचें उत्तर शंभरांत एकेचाळीस वेळां बरोबर आलें. प्रयोग लहान होता. पण ज्या नाकाला आपण ‘ओढाळ’ म्हणून दटावतों, तें काय चीज आहे हें त्यावरून कळतें.

वेल्श स्प्रिंगर नेहमीं तांबड्या-पांढऱ्या रंगाचा. तो घरच्या माणसांशीं अतिशय एकनिष्ठ, पण परक्यांपुढें थोडा बुजरा असतो. लहानपणीं चार माणसांत वावरूं दिलें नाहीं, तर बुजरेपणा वाढतो. क्लंबर हा नॉटिंगहॅमशायरमधील क्लंबर पार्क या जहागिरीच्या नांवानें ओळखला जातो. पांढऱ्या रंगाचा, मोठ्या डोक्याचा, तीस किलो आणि त्याहूनहि जड असा हा प्राणी सावकाश चालतो, विचार करीत असल्यासारखा बसतो, लाळ गाळतो आणि घोरतो. ससेक्स सोनेरी झांक असलेल्या तपकिरी रंगाचा, गंभीर चेहऱ्याचा; काम करतांना भुंकून वर्दी देण्याची त्याची खोड या घराण्यांत वेगळी पडते. आयरिश वॉटर स्पॅनिअल घराण्यांत सर्वांत उंच. त्याचें अंग कुरळ्या केंसांनीं झांकलेलें, पण शेपटी मात्र उंदरासारखी तुळतुळीत. तो बुद्धिमान, विनोदी, पण आपल्याच मताचा.

फील्ड स्पॅनिअलची कथा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रदर्शनाच्या हौशी लोकांनीं त्याला अधिकाधिक लांब व बुटका करण्याचा सपाटा लावला. परिणाम असा झाला, कीं शेतांत काम करणें त्याला अशक्य झालें आणि जात जवळजवळ संपुष्टांत आली. पुढें जाणत्या लोकांनीं स्प्रिंगरच्या रक्ताची मदत घेऊन तिला सांवरलें. आज तो शांत, सौम्य कुत्रा पुन्हा काम करण्याजोगा आहे, पण संख्येनें थोडा. मनुष्याच्या डोळ्याला सुख व्हावें म्हणून प्राण्याच्या देहाशीं खेळ केला, तर त्याची किंमत प्राण्याला द्यावी लागते, हें या कथेचें सार.

तीच गोष्ट मांडीवरच्या स्पॅनिअलांची. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला लहान स्पॅनिअलांचा मोठा नाद होता. त्याचेंच नांव त्या जातीस मिळालें. पुढें चपट्या नाकाची आवड बोकाळली आणि जुन्या चित्रांतला लांब नाकाचा कुत्रा दिसेनासा झाला. १९२६ सालीं रॉझवेल एल्ड्रिज नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत जुन्या वळणाच्या कुत्र्यासाठीं पंचवीस पौंडांचीं बक्षिसें लावलीं. त्यांतून जी जात पुन्हा उभी राहिली, ती कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल. १९४५ सालीं तिला स्वतंत्र मान्यता मिळाली. वजन साडेपांच ते आठ किलो. स्वभाव इतका गोड, कीं म्हातारीकोतारीं माणसें, लहान मुलें, पाहुणे-रावळे सर्वांशीं त्याचें जमतें.

पण या गोड स्वभावाच्या पोटीं एक दुःख दडलेलें आहे. आरंभीं थोड्याच कुत्र्यांपासून सारी प्रजा वाढल्यामुळें दोषहि वाढले. हृदयाची झडप झिजण्याचा विकार या जातींत फार लवकर येतो. पांचव्या-सहाव्या वर्षीं पुष्कळांच्या हृदयांत त्याची चाहूल लागते आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक त्यांत सांपडतात. दुसरा विकार याहून क्रूर. कवटी मेंदूच्या मानानें लहान पडते, पाठीच्या कण्यांतील मज्जेंत द्रव सांठतो, आणि कुत्रा मानेजवळ हवेंतल्या हवेंत खाजवीत राहतो. घरच्यांना ती गंमत वाटते. वस्तुतः ती वेदना असते. नॉर्वे देशांत प्राणिमित्रांनीं हा प्रश्न न्यायालयांत नेला. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कॅव्हेलिअरची त्या घटकेस चालू असलेली पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरविली. गोजिरवाणें पिल्लू विकत घेणारा प्रत्येक जण त्या पैदाशीचा न कळत भागीदार होतो, ही जाणीव आपल्याकडेहि यावयास हवी.

अमेरिकन कॉकर हा इंग्लिश कॉकरचा अटलांटिकपलीकडे वाढलेला भाऊ. १९४६ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें दोघांच्या नोंदी वेगळ्या केल्या. तो आकारानें लहान, घुमटासारख्या डोक्याचा, आणि केंसांनीं इतका भरलेला, कीं रोज विंचरण्यास अर्धा तास नसेल त्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. कांहीं कुत्रे नुसते नांवाचे स्पॅनिअल असतात. तिबेटन स्पॅनिअल हा मठांतून सांभाळलेला सोबती; त्याचा पक्ष्यांच्या शिकारीशीं संबंध नाहीं. उलट ब्रिटनीच्या नांवांतून अमेरिकेंत १९८२ सालीं स्पॅनिअल हा शब्द गाळण्यांत आला. कारण तो पक्षी उठविण्याऐवजीं स्तब्ध उभा राहून त्याची जागा दाखवितो.

इतकें वाचून कोणी म्हणेल, जात निवडली म्हणजे स्वभाव निवडला. तेवढें सोपें तें नाहीं. २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत अमेरिकेंतील एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा करण्यांत आली व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी झाली. निष्कर्ष असा, कीं कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकींतील फरकापैकीं अवघा नऊ टक्के भाग जातीवरून सांगतां येतो. हुकूम ऐकण्याची तयारी यासारख्या गुणांत जातीचा प्रभाव कांहींसा अधिक. चटकन चिडण्याच्या वृत्तींत तो फारच थोडा. म्हणजे जात ही जमिनीच्या पोतासारखी आहे. काळ्या जमिनींत कापूस चांगला येईल हें पोतावरून सांगतां येतें. पण पेरणी, खत आणि पाऊस यांचें काम पोत करीत नाहीं. पिल्लाचे पहिले तीन-चार महिने कसे गेले, त्याला माणसांची व आवाजांची ओळख झाली कीं नाहीं, त्याला भीति दाखविली कीं विश्वास दिला, यावर बाकीचें पुष्कळसें अवलंबून असतें.

आतां पुन्हा उरवड्याच्या उतारावर येऊं. कारण थंड देशांत घडलेला हा कुत्रा आपल्या हवेंत सुखी ठेवावयाचा, तर चार गोष्टी कटाक्षानें पाळल्या पाहिजेत. पहिली कुसळांची. कुसळी गवताच्या बीजाला टोंक अणकुचीदार असून त्यावर मागें वळलेले केंस असतात, आणि त्याचा पिळलेला दोर दमट हवेंत उलगडतो व कोरड्या हवेंत पुन्हा पिळला जातो. ही योजना निसर्गानें बीज मातींत रुजावें म्हणून केली. पण तें बीज स्पॅनिअलाच्या लोंबत्या कानांत किंवा बोटांच्या मधल्या केंसांत शिरलें, तर आंत आंतच सरकत जातें, मागें येत नाहीं. म्हणून दसऱ्यानंतर रानांतून परत येतांच कान, बगला व पंजे बोटांनीं चांचपून पाहावे आणि पंजांतले केंस कातरून ठेवावे. कुत्रा एकाएकीं एका बाजूस मान टाकून डोकें झटकूं लागला, तर घरगुती तेल कानांत न घालतां तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावा.

दुसरी गोष्ट पावसाची. मुळशीचा पाऊस मुसळधार आणि लांबणारा. लोंबत्या कानाखालीं वारा खेळत नाहीं. ओल राहिली कीं बुरशी व जंतु वाढतात, आणि कान कुजतो. भिजल्यावर कान कोरडे पुसावे, आठवड्यांतून एकदां उचलून वास घेऊन पाहावा, व पाण्याचें भांडें अरुंद तोंडाचें ठेवावें, म्हणजे कान त्यांत बुडत नाहींत. तिसरी गोष्ट गोचिडांची. दाट केंसांत त्या सहज लपतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप वेळीं न ओळखला तर जिवावर बेततो. चौथी गोष्ट उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगावर घाम येत नाहीं. धापा टाकून तो अंग थंड करतो. उन्हाळ्यांत फिरणें सकाळीं लवकर आणि दिवेलागणीनंतर. याखेरीज या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे. अंगणांत बांधलेला कुत्रा हें त्याचें सोपें भक्ष्य. स्पॅनिअल रात्रीं घरांतच असावा. त्याच्या मनांतहि तेंच असतें.

पिल्लू आणण्यापूर्वीं त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखविण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडून पिल्लू घेऊं नये. भारत सरकारच्या २०१७ सालच्या नियमांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लू विकतां येत नाहीं. कॅव्हेलिअर घ्यावयाचा असेल, तर आईबापांच्या हृदयाची तपासणी झाल्याचा कागद मागावा. पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांच्या सुमारास टोंचून घ्यावी व पुढें डॉक्टर सांगतील तशी नियमानें द्यावी. जेवतांना कुत्र्याच्या ताटलीस मुलांनीं हात लावूं नये. मोठ्यांनीं मात्र पहिल्या दिवसापासून ताटलीजवळ जाऊन आणखी एखादा चांगला तुकडा त्यांत टाकावा. मग हात म्हणजे कांहीं तरी हिरावणारी वस्तु, ही समजूत त्याच्या मनांत रुजत नाहीं.

नामदेव महाराजांची कथा घराघरांत सांगितली जाते. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां ते काठी घेऊन न धांवतां तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. कोरडी भाकरी त्याला बाधेल, ही काळजी. या कथेंत भक्ति तर आहेच, पण प्राणी पाळणाऱ्यास एक व्यवहाराचा धडाहि आहे. कुत्र्यानें आपल्याला काय द्यावें याचा हिशेब करण्याआधीं त्याला काय लागतें तें पाहावें. स्पॅनिअलाला धन्याचा सहवास, नाकाला काम, पायांना रान आणि कानांची निगा एवढें लागतें. बारा-चौदा वर्षें हें देण्याची ज्या घराची तयारी आहे, त्यानें तो खुशाल आणावा. ज्याची नाहीं, त्यानें चित्र पाहून आनंद मानावा. त्यांत त्याचेंहि हित आहे आणि त्या मुक्या जिवाचेंहि.